वळिवड्याची पिशवी: मुलांना युद्धाबद्दल कसं सांगावं

७ मे २०२५ ला देशभर नागरी संरक्षणाचे सराव झाले. टीव्हीवर दिवसभर भोंगे वाजत होते. माझ्याकडे दर शनिवारी गल्लीतली दहा-बारा मुलं गोष्टी ऐकायला येतात. त्यातली नुकतीच चौथीत गेलेली एक मुलगी त्या शनिवारी दारातच थांबली आणि म्हणाली, "बाई, युद्ध झालं तर दप्तर बरोबर घ्यायचं का?"

"असं काही होत नसतं गं," म्हणून मी विषय उडवला. तिचा चेहरा बघितला आणि कळलं, चुकलंच. पोरीने अगदी कामाचा प्रश्न विचारला होता. युद्धात आपल्यासारखी माणसं कुठे जातात, काय नेतात, त्यांच्या पोरांच्या शाळेचं काय होतं, हे तिला जाणून घ्यायचं होतं. पुढच्या शनिवारपासून मी त्याचं उत्तर द्यायला लागले. त्यात काय जमलं आणि काय फसलं, ते इथे सविस्तर सांगते. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी हे आहे. तासाभराचे सहा शनिवार पुरतात. वर्गात करता येतं, घरी एकट्या मुलाबरोबरही करता येतं.

गोष्ट कोणती निवडायची

युद्ध म्हटलं की आपण सनावळी, रणगाडे आणि मेलेल्यांचे आकडे सांगायला लागतो. मुलांना त्यातला रणगाडा तेवढा लक्षात राहतो. जे वाचले, त्यांच्या बाजूने सांगायला सुरुवात केली तर मूल त्या गोष्टीत स्वतःला बघू शकतं. म्हणून जी गोष्ट घ्याल, तिच्यात मुलं असावीत, त्यांना घर सोडावं लागलेलं असावं आणि कुणीतरी त्यांना जागा दिलेली असावी.

आम्हा कोल्हापूरकरांना अशी गोष्ट शोधायला लांब जावं लागत नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधल्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती. बहुतेक बायका आणि मुलं. मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्गावरचं वळिवडे स्टेशन आजही आहे, पंचगंगा जवळून वाहते. तुम्ही विदर्भात असा नाहीतर न्यू जर्सीत, ही गोष्ट तुमच्या मुलांनाही जवळची वाटेल, कारण ती आपल्या भाषेच्या अंगणात घडली आहे.

तुम्हाला स्वतःला माहीत असायला हवं ते एवढं. १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून. फेब्रुवारी १९४० पासून रशियाने पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं उचलून मालगाडीच्या डब्यांतून सैबेरिया, कझाकस्तानकडे पाठवली. जून १९४१ मध्ये जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा रशियाला मित्र हवे झाले आणि या पोलिश लोकांची सुटका झाली. त्यांच्यातून जनरल अँडर्स यांचं सैन्य उभं राहिलं. १९४२ मध्ये ते सैन्य आणि त्याच्यामागून बायकापोरं कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. तिथून मुलं जगभर विखुरली. काही जामनगरजवळ बालाचडीला आली. तिथे नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी त्यांना आसरा दिला, मुलं त्यांना बापू म्हणायची. वळिवड्याची छावणी मात्र भारतातली सगळ्यांत मोठी.

आधी आपल्यासमोर कोण बसलंय ते बघा

हे टाळू नका. आमच्या भागात दर दोन-चार घरांमागे कुणी ना कुणी फौजेत. ज्याचा बाप सीमेवर आहे, त्या मुलाला युद्ध ही गोष्ट नसते, रात्री न आलेला फोन असतो. अशा मुलाच्या आईशी आधी बोला. तिने "नको" म्हटलं तर त्या शनिवारी त्याला दुसरं काम द्या.

दुसरी गोष्ट आडनावांची. मे महिन्यात पाकिस्तानबद्दलचं बोलणं बघता बघता गल्लीतल्या एका मुसलमान मुलाकडे वळलं होतं. त्याने काहीच केलं नव्हतं, तो नुसता मान खाली घालून बसला होता. असं झालं की तिथल्या तिथे थांबवायचं, सगळ्यांसमोर आणि स्पष्ट शब्दांत: "हा आपला आहे. लढाई सरकारांची आहे, शेजाऱ्यांची नाही." नंतर बाजूला घेऊन समजावू म्हटलं तर उशीर होतो.

आणि २०१९ च्या महापुरात ज्यांनी रात्रीतून घर सोडलं, ती मुलंही असतात. ती सगळ्यांत लवकर समजतात. फक्त फरक सांगा: पूर येतो, युद्ध माणसं करतात, आणि म्हणून ते थांबवणंही माणसांच्याच हातात असतं.

पहिला शनिवार: नुसतं ऐकायचं

फळ्यावर "युद्ध" लिहा आणि मुलांना जे सुचेल ते बोलू द्या. दुरुस्त करू नका, हसू नका, "कुठे ऐकलंस?" असंही लगेच विचारू नका. सगळं लिहून घ्या. आमच्याकडे ड्रोन, मिसाइल, ब्लॅकआउट, शहीद, पबजी आणि "पप्पांची सुट्टी कॅन्सल" हे एकाच यादीत आलं. यादीवरूनच कळतं की कोण घाबरलंय आणि कोणाला ही गेम वाटते. शेवटची दहा मिनिटं "शांतता" या शब्दाला द्या. बहुतेक मुलं "गप्प बसणं" म्हणतात, कारण वर्गात आपण तोच अर्थ शिकवलेला असतो. तेही लिहा. सहाव्या शनिवारी ती यादी लागणार आहे.

दुसरा शनिवार: पिशवी

एक साधी बाजारची कापडी पिशवी मधे ठेवा. मुलांना सांगा: १९४० च्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, तुमच्याएवढ्या मुलांच्या घरी भल्या पहाटे माणसं आली आणि सामान बांधायला कधी अर्धा तास, कधी त्याहून थोडा जास्त वेळ दिला. कुठे जायचंय ते सांगितलं नाही. तुम्ही या पिशवीत काय घ्याल? कागदावर सात वस्तू लिहा.

कागद गोळा करून तुम्ही मोठ्याने वाचा, नावं न घेता. आमच्या याद्यांमध्ये मोबाइलचा चार्जर होता, आजीच्या बीपीच्या गोळ्या होत्या, देवघरातला बाळकृष्ण होता. एकाने सातही ओळींत कुत्र्याचं नाव लिहिलं. दप्तरवाल्या मुलीने दप्तरच लिहिलं. मग विचारा: डब्यात आठवडेच्या आठवडे जायचेत, तर यात काय नाही? हळूहळू सुचतं. पांघरूण. पीठ. भांडं. सुई-दोरा. मग सांगा की ज्या आयांनी पीठ, उबदार कपडे आणि घरातली एखादी विकता येण्याजोगी वस्तू बांधली, त्यांना पुढे तेच उपयोगी पडलं.

कागद फेकू नका, जपून ठेवा.

इथे माझी मोठी चूक झाली होती, ती सांगते. पहिल्या खेपेला मी हे नाट्यरूपाने करायला गेले. दोन मोठ्या मुलांना शिपाई केलं, त्यांनी दार बडवलं, ओरडले. त्यांना मजा आली. पण एक लहान मुलगा रडायला लागला आणि घरी जाऊन रात्री झोपला नाही. त्याच्या आईने मला बोल लावला, तो रास्त होता. धरपकड, मारझोड, बंदूक रोखणं यांचा अभिनय मुलांकडून कधीही करून घेऊ नका. पिशवी पुरते.

तिसरा शनिवार: नकाशावर लोकर

जगाचा मोठा नकाशा, टाचण्या आणि लाल लोकर. पहिली टाचणी ल्वूव या शहरापाशी. ते तेव्हा पोलंडमध्ये होतं, आज ल्विव या नावाने युक्रेनमध्ये आहे, आणि तिथे आजही हवाई हल्ल्याचे भोंगे वाजतात. मोठी मुलं हे लगेच पकडतात. तिथून लोकर सैबेरियाकडे न्या, मग खाली कझाकस्तान, उझबेकिस्तान, कॅस्पियनच्या काठचं क्रास्नोवोद्स्क, समुद्रापलीकडे इराणचं पहलवी बंदर म्हणजे आजचं अंझली, तेहरान, अहवाझ, कराची आणि शेवटी वळिवडे. प्रत्येक टाचणी वेगळ्या मुलाला लावू द्या. लोकर काढून सरळ केली की तिची लांबी बघून मुलं आपोआप गप्प होतात. नकाशाचं प्रमाण वापरून किलोमीटर त्यांनाच काढू द्या. गणित चुकलं तरी चालेल, अंतर बोटांना कळलेलं असतं.

मरणाचा विषय इथेच येतो. या वाटेवर पुष्कळ मुलं वाचली नाहीत. काही भुकेने गेली, काही टायफसने. अंझलीला आणि तेहरानला त्यांच्या कबरी आजही आहेत. हे लपवू नका, रंगवूही नका. "सगळे पोचले नाहीत" हे एक वाक्य, आणि नंतर थोडं थांबणं. प्रश्न आले तर तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर. फोटो दाखवायचेच असतील तर छावणीतले, शाळेतले दाखवा. हाडांचे सापळे झालेल्या मुलांचे फोटो दहा-बारा वर्षांच्या आतल्या मुलांना दाखवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

चौथा शनिवार: पाच हजार पाहुणे

हा तास मला सगळ्यांत प्रिय. मुलांचे गट करा आणि सांगा: तुम्ही गावचे कारभारी. उद्या पाच हजार माणसं रेल्वेने उतरणार. त्यांची भाषा तुम्हाला येत नाही, त्यातली निम्मी आजारपणातून उठलेली. काय काय उभं कराल आणि कोणत्या क्रमाने?

पाणी, संडास, राहायला खोल्या, दवाखाना, धान्य. इथवर सगळे गट पोचतात. आता वळिवड्याला काय उभं राहिलं ते सांगा. ओळीने बराकी. दवाखाना. चर्च. आणि शाळा, तीही एक नाही: बालवाडीपासून वरच्या वर्गांपर्यंत, पोलिश भाषेतून. स्काउटची पथकं, नाटकं, गाण्यांची मंडळं. मुलं पंचगंगेत पोहायला जायची. आसपासचे शेतकरी आणि व्यापारी भाजी, दूध, किराणा घेऊन यायचे आणि हातवारे करत सौदे व्हायचे.

आमच्या एकाही गटाच्या यादीत पहिल्या खेपेला शाळा नव्हती. "आजारी माणसांना शाळा कशाला?" असं एक जण म्हणाला. ह्या प्रश्नावर पंधरा मिनिटं द्या, उत्तर तुम्ही देऊ नका. दोन वर्षं ज्या मुलांचं काहीच ठरलेलं नव्हतं, त्यांना रोज सकाळी घंटा ऐकू येणं, वहीत तारीख लिहिणं, उद्याचा गृहपाठ असणं म्हणजे काय, हे मुलं स्वतः शोधून काढतात. लॉकडाउनमध्ये शाळा बंद असलेल्यांना तर फार लवकर समजतं. युद्धग्रस्त भागात आजही मदत करणारे लोक तंबूत का होईना, शाळा लवकरात लवकर सुरू करतात, त्याचं कारण हेच.

एका मुलाने विचारलं, "तेव्हा तर आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं ना? मग आपण कशी जागा दिली?" प्रश्न मोलाचा आहे. कोल्हापूर संस्थान ब्रिटिशांच्या अंकित होतं, देशात नुकतंच चले जाव आंदोलन झालेलं, महागाई आणि धान्याची ओढाताण होती. ज्यांच्या दारात ही माणसं आली, त्यांचंही सगळं सुरळीत चाललेलं नव्हतं.

पाचवा शनिवार: वडील कुठे होते

बराकीत बायका आणि मुलं जास्त, मग पुरुष कुठे? बरेचसे अँडर्सच्या सैन्यात, इटलीत. मे १९४४ मध्ये माँते कासिनोच्या डोंगरावरच्या मठासाठी भयंकर लढाई झाली आणि १८ मे रोजी पोलिश सैनिकांनी तो मठ घेतला. कोल्हापूरजवळच्या बराकींमध्ये त्यांच्या पत्रांची वाट बघितली जात होती.

आणि त्याच इटलीत आपले मराठे लढत होते. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वय बावीस. म्हणजे पोलंडच्या बायका महाराष्ट्रात बसून इटलीच्या पत्राची वाट बघतायत आणि महाराष्ट्रातल्या बायकाही इटलीच्याच पत्राची वाट बघतायत. मुलांना हे सांगितलं की ती एकमेकांकडे बघतात.

त्या तासाला पत्र लिहायचं. अर्ध्यांनी छावणीतून इटलीला, अर्ध्यांनी रायगडमधल्या गावातून इटलीला. पत्रात लढाईबद्दल विचारायचं नाही, घरचं सांगायचं. "म्हशीला रेडकू झालं", "मला आता पोहता येतं." पाकिटावर पत्ता पूर्ण लिहायला लावा. पत्ता नसला की माणूस कसा हरवतो हे इथे सांगा. युद्धात ताटातूट झालेल्या अनेक घरांना आपली माणसं कुठे आहेत हे वर्षानुवर्षं कळलं नाही.

फौजेतल्या बापाच्या मुलांना हा तास जड जातो आणि हवाही असतो. त्यांना खरं पत्र लिहू द्या, आपल्या बाबांना.

सहावा शनिवार: युद्ध संपलं, पुढे काय

हा तास गोड करायचा मोह होईल. करू नका.

१९४५ मध्ये युद्ध संपलं. पण छावणीतल्या बहुतेकांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. जिथून त्यांना उचललं तिथे परतायला जागाच उरली नाही. काही पोलंडला गेले, बरेचसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा ठिकाणी पांगले. काही कोल्हापूरच्या मातीतच राहिले, त्यांच्या कबरी इथल्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत. एक पोलिश मुलगी इथेच लग्न करून कोल्हापूरकर झाली.

मग १९४७ आलं. फाळणीत सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबं पुढे त्याच रिकाम्या झालेल्या बराकींमध्ये राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. दुकानाच्या गल्लीत चालताना ज्या जमिनीवर पाय पडतो, तिथे पाच वर्षांच्या अंतराने दोन वेगवेगळ्या देशांतली बेघर माणसं आली. गांधीनगरच्या एखाद्या सिंधी आजोबांना बोलवता आलं तर फार चांगलं. आधी विचारा, काय सांगायचं ते त्यांनाच ठरवू द्या, आणि मुलांना बजावा की "किती माणसं मेली?" हा प्रश्न विचारायचा नाही.

आशेची गोष्ट इथे हवी, पण खरी हवी. मी हिरोशिमाची सांगते. ६ ऑगस्ट १९४५ ला बाँब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. दहा वर्षांनी तिला रक्ताचा कर्करोग झाला. हजार कागदी करकोचे घडवले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती करकोचे घडवत राहिली आणि २५ ऑक्टोबर १९५५ ला, बाराव्या वर्षी, गेली. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि मुलं रडतात. पुढचं सांगा. तिच्या वर्गमित्रांनी स्मारकासाठी पैसे गोळा करायला घेतले, जपानभरची मुलं त्यात आली आणि ५ मे १९५८ ला हिरोशिमात मुलांचं शांती-स्मारक उभं राहिलं. करकोच्यांनी ताप उतरला नाही. पण मुलांनी ठरवलं आणि ते करून दाखवलं. पंधरा सेंटिमीटरचा चौकोनी कागद घ्या, दोन करकोचे घडवा, पुरे.

कण्हेरीची एक फांदीही दाखवा. बाँबनंतर त्या शहरात सुरुवातीला फुललेल्या झाडांत कण्हेर होती, म्हणून ती हिरोशिमाचं अधिकृत फूल आहे. आपल्या हायवेच्या मधे उभी असते तीच. झाड विषारी आहे, नंतर हात धुवायला लावा.

मुलं हमखास विचारतात

"आपल्याकडे युद्ध होईल का?" मी सांगते: "मला माहीत नाही. झालंच तर तुला एकटं सोडणार नाही. कुठे जमायचं, कुणाला फोन करायचा हे आपण ठरवून ठेवू." आणि खरंच ठरवते, फोन नंबर पाठ करून घेते. ठोस उत्तराने मूल शांत होतं, "काही होणार नाही" ने होत नाही.

"वाईट कोण?" हुकूम देणारे आणि दार उघडणारे, असे वेगळे दाखवा. अख्खा देश वाईट म्हणू नका. जर्मनीतली मुलंही त्या युद्धात बेघर झाली.

"मग सैनिक वाईट का?" नाही. त्यालाही घरी जायचं असतं. पाचव्या शनिवारची पत्रं आठवून द्या.

या काळात घरात बातम्यांचं चॅनल चोवीस तास चालू ठेवू नका आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे स्फोटांचे व्हिडिओ मुलांसमोर वाजवू नका. मूल अंथरुणात लघवी करायला लागलं, एकटं झोपेनासं झालं, खेळायचं सोडलं आणि हे दोन-तीन आठवडे चाललं, तर बालरोगतज्ज्ञांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे.

जाऊन बघा

कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. तिथून गांधीनगर आणि जमलं तर वळिवडे स्टेशन, असा अर्धा दिवस काढा. ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्सात गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकालाही त्यांनी फुलं वाहिली, हे उद्यानात उभं राहून सांगा. आपल्या गावाचं नाव तितक्या लांब दगडावर कोरलंय हे ऐकून पोरं ताठ होतात.

निघण्याआधी पहिल्या शनिवारची यादी पुन्हा काढा, "शांतता" खाली आता काय लिहाल ते विचारा. आमच्याकडे "शाळेची घंटा" आली, "पत्र पोचणं" आलं, "रात्री दिवा लावता येणं" आलं. मग पिशवीचे कागद परत द्या आणि हवं तर बदला म्हणा. चार्जरवाल्याने चार्जर खोडून पांघरूण लिहिलं. कुत्र्यावाल्याने काहीच बदललं नाही. दप्तरवाल्या मुलीने दप्तर तसंच ठेवलं, आणि खाली आठवी ओळ आखून तिने मिरजेच्या आत्याचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट.